उलट्या हत्तीची बरोबरी

निकालाच्या कागदावर ‘बरोबरी’ असं लिहिलं आहे. खाली पंचबाईंची सही आहे, माझ्या व्याह्यांची आहे आणि माझीही आहे. माझी सही जरा वाकडी आली, कारण ती करताना हात रागाने थरथरत होता. बाकीचे म्हणतात, वयाने. ह्याच हाताने मी आजही चष्म्याची काच केसभर इकडेतिकडे न होऊ देता घासतो, तेव्हा ते वयबिय तुमच्यापाशीच ठेवा.

तो डाव मी जिंकलो होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना तुम्ही उगाच दुसऱ्या बाजूचा विचार करत बसणार नाही.

आमचा बुद्धिबळाचा क्लब एका लॉंड्रीच्या वर आहे. एकच खोली, आठ टेबलं, दोन खिडक्या. त्यातली एक रंग देताना चिकटली ती चिकटलीच. खालून दिवसभर इस्त्रीची वाफ लाकडी जमिनीच्या फटींतून वर येते आणि आमचे मोहरे फुगतात. सहाव्या टेबलावरचा एक घोडा तर एवढा फुगला होता की तो दोन घरांत मिळून उभा राहायचा, आणि मारायच्या आधी समोरच्याला विचारावं लागायचं की बाबा रे, ह्याला नक्की कुठल्या घरात धरू. पटत नसेल तर एखाद्या दिवशी दुपारी तीनला येऊन बसा. पँटला कडक घडी पडूनच घरी जाल.

हा क्लब दरवर्षी सहा तासांवरच्या एका मोठ्या स्पर्धेला चार जणांचा संघ पाठवतो. मी अडतीस वर्षं सभासद आहे. करा गुणाकार. एवढ्या खुर्च्यांवर माणसं बसून आली. त्यात एक दातांचा डॉक्टर तीनदा जाऊन आला, ज्याला अजून घोड्याची चाल मोजताना ओठ हलवावे लागतात. मी मात्र एकदाही नाही. एका वर्षी मी आजारी, एका वर्षी चिटणिसांचा मेहुणा जोरात, आणि बाकीची सगळी वर्षं ‘काका, पुढच्या वेळी नक्की’. आता माझ्या दुकानात, गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवता बसवता, मी त्या स्पर्धेच्या पुष्कळ हकिकती सांगितल्या आहेत, नाही म्हणत नाही. दिवे गेले तेव्हा मी अकरा खेळ्या नुसत्या मोहऱ्यांच्या वासावर खेळलो, ही त्यातली लोकांची आवडती. क्लबातली मंडळी मला तोंडावर काका म्हणतात आणि पाठीमागे थापाकाका, हेही मला ठाऊक आहे. पण हकिकत वेगळी आणि खुर्ची वेगळी. मी एकाहत्तर वर्षांचा आहे, आणि एकदा, फक्त एकदा, क्लबाचं नाव लिहिलेल्या त्या कागदी पाटीमागे मला बसायचं होतं. चौथ्या पटावर का होईना.

गेल्या वर्षी निवडीवरून एवढी भांडणं झाली की दोन सभासद अजूनही एकमेकांशी एक अक्षर बोलत नाहीत. जे काही सांगायचं ते घड्याळाचा खटका आपटून सांगतात. म्हणून ह्या वर्षी चिटणिसांनी ठरवलं की रीतसर स्पर्धा घ्यायची, पंच बुद्धिबळ संघटनेकडून मागवायचा आणि पहिले चार येतील त्यांना पाठवायचं. चिटणिसांचं औषधांचं दुकान आहे. एखादी गोष्ट रीतसर म्हटली की त्यांना बरं वाटतं. सहा फेऱ्या झाल्या. वरचे तीन जण आधीच ठरले. चौथ्या खुर्चीसाठी शेवटच्या फेरीत दोघे उरलो, मी आणि माझे व्याही. ते अर्ध्या गुणाने पुढे होते. म्हणजे त्यांना बरोबरी पुरत होती, आणि मला जिंकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

व्याही म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. जन्मभर लिफ्टचे मेकॅनिक होते. कमी बोलतात आणि जे बोलतात ते खरं बोलतात. हे दोन्ही दुर्गुण एकाच माणसात आले की त्याच्याबरोबर चहा पिणंसुद्धा कठीण होतं. बावीस वर्षांपूर्वी मुलांचं लग्न ठरत होतं तेव्हा मीच त्यांना क्लबात आणलं. दोन बापांना समोरासमोर बसून गप्प राहायला काहीतरी निमित्त हवं होतं.

त्यांची एक सवय इथे सांगितली पाहिजे, कारण सगळा घोळ तिच्यातून झाला. लिफ्टच्या कामात माणूस वर उभा असतो आणि खाली विहिरीसारखा खड्डा. काढलेला स्क्रू कुठे ठेवायची सोय नाही. ठेवला की गडगडत तळाशी. म्हणून स्क्रू डाव्या मुठीत धरायचा आणि उजव्या हाताने काम करायचं. चाळीस वर्षं मुठीत मुरलेली गोष्ट निवृत्त झाल्यावर थोडीच सुटते. पटावर बसले की हे बाकीचे मारलेले मोहरे नीट रांगेत बाजूला ठेवतात, पण तुमचा वजीर मारला की तो गेलाच डाव्या मुठीत, डाव संपेपर्यंत. मूठ घट्ट, चेहरा गंभीर, जणू वजीर खाली पडला तर आठव्या मजल्यावर माणसं अडकतील.

आता प्यादं शेवटच्या घरात पोचलं की त्याचा वजीर करता येतो, हे ज्याने पट लांबून पाहिलाय त्यालाही माहीत असतं. पण माझा वजीर ह्यांच्या मुठीत. व्याह्यांना मूठ उघडायला सांगणं, तेही नवीन नात्यात, बरं दिसत नव्हतं. म्हणून मी त्या वेळी बाजूला पडलेला एक मेलेला हत्ती उचलला आणि त्या घरात उलटा ठेवला. आमचा हत्ती म्हणजे बुरजासारखा मोहरा. डोक्यावर केला तरी छान उभा राहतो. उलटा हत्ती म्हणजे वजीर. हां हां म्हणता सगळा क्लब तसंच करू लागला, ज्यांचा वजीर डोळ्यांसमोर टेबलावर पडलेला असायचा तेसुद्धा. नव्या सभासदाला आम्ही पहिल्या दिवशी दोनच गोष्टी सांगतो, पाण्याचं पिंप कुठे आहे आणि उलटा हत्ती म्हणजे काय. बावीस वर्षं कुणाची तक्रार नाही.

डाव रविवारी दुपारी झाला. पंचबाई तिशीच्या असतील. गळ्यात ओळखपत्र, हातात नियमांचं पुस्तक, पायात आवाज न करणारे बूट. त्या कधी मागे येऊन उभ्या राहायच्या ते कळायचंच नाही. मी पांढरे घेऊन खेळत होतो. पहिले दोन तास मी कसा खेळलो ते सांगितलं तर तुम्ही पुन्हा थापाकाका म्हणाल, म्हणून सोडून देतो. एवढंच सांगतो की वजीर गेले, हत्ती गेले, घोडे, उंट सगळे गेले, आणि शेवटी पटावर उरले दोन राजे आणि दोन प्यादी. एक माझं, एक त्यांचं, दोन्ही शेवटच्या घराकडे धावत सुटलेली.

व्याही आपल्या प्याद्याला सोबत म्हणून आपला राजा घेऊन माझ्या डाव्या हाताच्या कोपऱ्यात आले. अगदी टोकाच्या घरात. आणि मग त्यांनी एक घोडचूक केली. प्यादं पुढे ढकललं, ते बरोबर स्वतःच्या राजाच्या तोंडाशी. राजाचं दार स्वतःच बंद केलं. शेजारची दोन घरं माझ्या राजाने दाबून धरलेली होती. माझं प्यादं पलीकडच्या उजव्या कोपऱ्यापासून एका घरावर. ते तिथे पोचून वजीर झालं की त्या कोपऱ्यातून ह्या कोपऱ्यापर्यंत सरळ तिरकी रेघ. शह, आणि मात. पळायला जागाच नाही. असा डाव मला आयुष्यात एकदाच पडला आणि तो मी झोपेत नाही, जागेपणी, साक्षीदारांसमोर खेळत होतो.

मी प्यादं सरकवलं, उचललं, त्या घरात हत्ती उलटा ठेवला, असा ठेवला की दोन टेबलांवरची माणसं दचकली, आणि घड्याळाचा खटका मारला. व्याह्यांनी पटाकडे पाहिलं. मान हलवली. उजवा हात पुढे केला आणि म्हणाले, “मानलं.”

मी हात हातात घेणार एवढ्यात मागून पंचबाईंचा आवाज आला, थांबा म्हणून. त्या वाकून पटाकडे बघत होत्या, जसं मी एखाद्याच्या बुबुळाकडे बघतो तसं.

“काका, हा हत्ती आहे,” त्या म्हणाल्या.

“उलटा आहे,” मी म्हणालो.

“उलटा हत्तीसुद्धा हत्तीच असतो. नियमात तसं स्पष्ट आहे. एखादा माणूस शीर्षासन करून उभा राहिला म्हणून काही दुसरा माणूस होत नाही.”

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. मला. वजीर तिरका चालतो म्हणून तो असता तर मात होती. हत्ती सरळ चालतो, तिरका नाही. म्हणजे काळ्या राजाला शहच नाही. पण त्याची खेळी आहे आणि त्याला हलायला एकही घर नाही, प्यादंही अडलेलं. शह नाही आणि खेळीही नाही, म्हणजे डाव तिथल्या तिथे संपला, बरोबरी. वजीर हवा होता तर मी घड्याळ थांबवून त्यांच्याकडे मागायला हवा होता. त्यांनी लगेच आणून दिला असता. त्या अगदी गोड आवाजात बोलत होत्या. गोड आवाजात अन्याय केला की तो जास्त लागतो.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणालो की ह्या खोलीत बावीस वर्षं उलटा हत्ती म्हणजे वजीरच. कुणालाही विचारा. चिटणिसांना विचारा, डॉक्टरांना विचारा, खालच्या लॉंड्रीवाल्यालाही माहीत आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. पंचबाई म्हणाल्या, असेल, पण खोलीचे नियम खोलीत, ही संघटनेची स्पर्धा आहे. मग त्यांनी विचारलं की पांढरा वजीर होता कुठे. व्याह्यांनी डावी मूठ उघडली. तळहातावर वजीर, घामाने चकचकीत झालेला. आणि त्यांनी उजवा हात, जो अजून पटावर अर्धवट पुढे होता, तो हळूच मागे घेतला. तो मागे जाणारा हात मी अजून विसरलेलो नाही.

घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं, अगदी घडलं तसं, वर एक चिमूट मीठ न घालता. तिने भाजी चिरता चिरता ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे हत्तीचा वजीर झाला आणि बाईंनी त्याचा पुन्हा हत्ती केला. बरं. उडाला नाही ना?” लेकीला फोन केला. ती म्हणाली, बाबा, मागच्या महिन्यात तुमचा घोडा पाण्याच्या पिंपात पडून पोहला होता, ती गोष्ट जास्त चांगली होती. जावयाने फोन घेतला आणि तोंडभर सांत्वन केलं. सांत्वन करताना तो हसू आवरत होता ते मला ऐकू आलं. पन्नास वर्षं मी वाटेल ते सांगत आलो आणि लोकांनी माना डोलावल्या. एकदा सरळ बोललो तर ही तऱ्हा.

सोमवारी मी लेखी तक्रार दिली. दुकानात बसून तीन वेळा कच्ची लिहिली. त्यात म्हटलं की प्रतिस्पर्ध्याने माझा वजीर मुठीत दडवून ठेवल्यामुळे मला नाइलाजाने हत्ती वापरावा लागला, सबब डाव मला मिळावा. ‘सबब’ हा शब्द लिहिल्यावर जरा बरं वाटलं.

बुधवारी संध्याकाळी पाचला समिती बसली. चिटणीस, दातांचा डॉक्टर आणि लॉंड्रीचा मालक. मालकाला खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण खोली त्याची म्हणून तो अध्यक्ष. त्याने सुरुवातीलाच विचारलं की हत्ती उलटा का केला होता, वाळत घातला होता का. मी त्याला समजावलं. डॉक्टरने ओठ हलवत दोनदा मोजून पाहिलं आणि म्हणाला, हो, वजीर असता तर मात होती. मग चिटणीस व्याह्यांकडे वळले. म्हणाले, तुमच्याबद्दल कुणाला शंका नाही, पण विचारणं भाग आहे. वजीर तुम्ही दडवला होता का?

मी तयारीत होतो. ते नाही म्हणणार, मग मी बोलणार, मग ते बोलणार. माझ्याकडे सात मुद्दे होते, कागदावर लिहून आणलेले.

व्याही म्हणाले, “हो. मुद्दाम धरून ठेवला होता. मात दिसत होती मला. वाटलं, वजीर नसला हाताशी तर गडबडतील.”

 खालून इस्त्रीचा फुस्स आवाज आला.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी पंचबाईंना सांगितली नाही, बायकोला सांगितली नाही, तक्रारीत लिहिली नाही आणि तुम्हालाही आत्तापर्यंत चलाखीने सांगितली नाही. मी प्यादं सरकवायच्या आधी, पुरतं अर्धं मिनिट आधी, व्याह्यांनी डावी मूठ उघडून तो पांढरा वजीर माझ्या उजव्या हाताशी टेबलावर ठेवला होता. सरळ, उभा. त्यांना मात दिसली होती आणि ती करायला लागणारा मोहरा त्यांनी स्वतः आणून दिला होता. मी तो पाहिला. डोळ्यांच्या कडेने नाही, चांगला पाहिला. आणि घेतला नाही. त्यांच्या हातून घेतलेल्या वजिराने मात करायची, म्हणजे जिंकून उपकार घेतल्यासारखं. शिवाय हत्ती मी पाच खेळ्या आधीपासून हातात घोळवत होतो. तो आपटायची मला हौस होती. मी हत्ती आपटला आणि त्यांनी सवयीने वजीर परत मुठीत घेतला. झालं ते एवढंच.

तेव्हा तो माणूस माझ्यासमोर, तीन माणसांच्या समितीपुढे, चक्क खोटं बोलत होता. आयुष्यात पहिल्यांदा. आणि मी तक्रारीत जे खोटं लिहिलं होतं तेच खोटं. माझ्याच वाक्यावर सही केल्यासारखं.

माझा असा संताप झाला की मी उठून उभा राहिलो. म्हणालो, हे साफ खोटं आहे. ह्यांनी वजीर माझ्या हाताशी ठेवला होता, मीच घेतला नाही. माझी तक्रार चुकीची आहे, ती फाडून टाका. सगळं सांगितलं. हौसेचं, हत्ती आपटण्याचं, सगळं.

डॉक्टर हसला. चिटणीस म्हणाले, काका, नातं आहे, समजतं आम्हाला. व्याह्यांना सांभाळून घ्यायला बघताय. मोठं मन आहे तुमचं. लॉंड्रीवाला म्हणाला की आजवर ऐकलेल्या काकांच्या थापांत ही सगळ्यात साधी, पण बरी आहे. मी टेबलावर हात आपटला. कुणी दचकलंसुद्धा नाही. मी अडतीस वर्षं ह्या लोकांना फुगलेल्या घोड्याची गोष्ट पचवायला लावली, आणि एक उभा वजीर त्यांच्या घशाखाली उतरेना. व्याही शांत बसले होते. त्यांच्यावर सगळ्यांचा विश्वास, कारण ते खोटं बोलत नाहीत.

समितीने निर्णय दिला. डावाचा निकाल पंचांनी दिलेला आहे, तो बदलता येत नाही. बरोबरी ती बरोबरीच. पण मोहरा दडवणं हे गैरवर्तन आहे, सबब व्याह्यांना ताकीद देण्यात येते आणि संघातली चौथी जागा मला देण्यात येते. चिटणिसांनी ‘सबब’ माझ्याच कागदावरून उचलला होता. ताकीद टंकून, शिक्का मारून, महिनाभरासाठी सूचनाफलकावर लावली. पाण्याच्या पिंपाच्या बरोबर वर, म्हणजे पाणी प्यायला येणाऱ्या प्रत्येकाने वाचलीच पाहिजे.

जिन्यात मी व्याह्यांना गाठलं. जिना अरुंद, ते एक पायरी खाली, मी वर.

“खोटं बोललात,” मी म्हणालो.

“बोललो.”

“का?”

“तुम्ही रोज बोलता, सगळे खूश असतात. म्हटलं, आपणही एकदा बघावं.”

“थट्टा करू नका, व्याहीबुवा. मी तक्रारीत तुम्हाला चोर ठरवलं होतं. तुम्ही नाही म्हणायला हवं होतं. मी भांडलो असतो. सात मुद्दे होते माझे.”

ते म्हणाले की मुद्दे त्यांनी ऐकले असते, पण पाय दुखत होता, आणि समितीसमोरच्या खुर्च्या लोखंडी आहेत. मग कठड्याला धरून दोन पायऱ्या उतरले आणि मागे न बघता म्हणाले, “मी दोनदा जाऊन आलोय तिथे. काही नसतं हो. अशीच खोली, अशीच टेबलं. तुम्हाला जायचंय, तर जा.”

हे मात्र मला अजिबात सहन झालं नाही. अडतीस वर्षं ज्या खुर्चीसाठी मी झुरलो ती ह्या माणसाने पाहुण्याला पाट द्यावा तशी माझ्याकडे सरकवली, वर सांगितलं की तिच्यात काही नाही. ह्याच्यापेक्षा मूठ घट्ट धरली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी औषधांच्या दुकानात गेलो. चिटणिसांना सांगितलं की मी जाणार नाही, ताकीद काढा, व्याह्यांना पाठवा. काउंटरसमोर खोकल्याची बाटली घ्यायला आलेली चार माणसं उभी होती, त्यांच्यासमोर मी सगळं पुन्हा खरं खरं सांगितलं. चौघांतला एक जण माझ्याच दुकानाचं गिऱ्हाईक निघाला. तो म्हणाला की काका, ह्याच्यात दिवे गेल्याचंही घाला, मजा येईल. चिटणिसांनी मला घशाच्या चघळायच्या गोळ्या फुकट दिल्या आणि सांगितलं की नावं संघटनेकडे गेली, आता बदल होत नाही. तुम्ही नाही गेलात तर चौथा पट रिकामा राहील. प्रत्येक फेरीत एक गुण समोरच्यांना फुकट.

तिथून मी तडक व्याह्यांच्या घरी गेलो. ते स्वयंपाकघरात नळाचा वॉशर बदलत होते, जुना वॉशर डाव्या मुठीत. मी उभ्याउभ्याच सुरुवात केली. म्हणालो, मी जाणार नाही म्हणजे नाही. तुमच्या खोटेपणावर मी सहा तास बसमध्ये बसायचं आणि तुमचं नाव इथे पिंपावर टांगलेलं राहायचं, हे मला जमणार नाही. ते म्हणाले, मग त्यांचं खोटं फुकट गेलं. एकच होतं त्यांच्याजवळ. मी म्हणालो, मागितलं होतं कोणी. ते म्हणाले, न मागताच द्यावं लागतं, समोर ठेवलेलं तुम्ही कधी घेता का. ह्यावर मी आवाज चढवला. त्यांनी पाना ठेवून दिला आणि तेही उठून उभे राहिले. बावीस वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघे एकमेकांवर ओरडत होतो, ‘अहो’ आणि ‘तुम्ही’ करून. तसं ओरडायला फार दम लागतो.

लेक आतल्या खोलीतून आली. ऑफिसातून नुकतीच आलेली होती, खांद्यावर अजून बॅग. तिने आधी नळ बंद केला, कारण तो भळाभळा वाहत होता आणि आमच्या दोघांच्या लक्षात आलं नव्हतं. मग सासऱ्यांना म्हणाली, आप्पा, तुम्ही बसा. आणि माझ्याकडे वळली.

“बाबा, वजिराचं राहू द्या. ते कोण खरं, कोण खोटं, मला नकाच सांगू. एवढंच सांगा, तुम्हाला जायचंय का?”

मी सांगणार होतो की प्रश्न जाण्याचा नाही, तत्त्वाचा आहे. सात मुद्द्यांतला तिसरा मुद्दा तोच होता. मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते भलतंच.

“हो,” मी म्हणालो. “फार.”

तिने ते एका झटक्यात खरं धरलं. पुन्हा विचारलं नाही, हसली नाही. खांद्यावरची बॅग काढून खुर्चीवर ठेवली आणि विचारलं की बस किती वाजता आहे, आणि तिथे थंडी असते का. व्याही म्हणाले, असते, सकाळी जास्त, आणि नळाखाली परत वाकले.

म्हणून मी चाललो आहे. उद्या सकाळी साडेसहाची बस आहे. राग गेलेला नाही, हे स्पष्ट करतो. पंचबाईंवर आहे, समितीवर आहे, त्या डॉक्टरवर तर आहेच. आणि आमच्या व्याह्यांवर सगळ्यात जास्त, कारण दुपारी ते घरी येऊन त्यांचा जाड स्वेटर माझ्या बायकोकडे देऊन गेले, मला न भेटता, आणि तो मला बरोबर बसतो.